देकार्त शिकवताना शिकलेलं

तालुक्याच्या गावातल्या कॉलेजात मी तत्त्वज्ञान शिकवते. पाश्चात्त्य तत्त्वज्ञानाच्या पेपरला रेने देकार्त येतो आणि त्याच्याबरोबर त्याचा प्रश्न येतो: ज्यावर शंका घेताच येणार नाही, असं आपल्याला काही ठाऊक आहे का? माझ्या लेखी हा परीक्षेपुरता प्रश्न कधीच नव्हता. मुलांबरोबर तो इतकी वर्षं घोळवताना जे हाती लागलं, ते इथे मांडते.

१. शंका घ्यायलाही कारण लागतं.

मोबाइलवर आलेली बातमी असो, लस असो की इतिहास, ‘कोणास ठाऊक खरं काय!’ म्हटलं की हल्ली विषय संपतो. शोध घ्यायचा कंटाळा आला की माणसं असं बोलतात. देकार्तचा संशय मात्र पायरी-पायरीनं चढतो. लांबून गोल दिसलेला बुरूज जवळ गेल्यावर चौकोनी निघतो, तेव्हा इंद्रियांवर सगळी भिस्त ठेवता येत नाही. स्वप्नात आपण शेकोटीपाशी बसलेलो असतो आणि प्रत्यक्षात अंथरुणात, तेव्हा जागेपणाची खात्रीची खूण कोणती ते सांगता आलं पाहिजे. सरतेशेवटी तो एका महाबलाढ्य ठकाची कल्पना करतो, जो दोनात तीन मिळवतानाही आपल्याला फसवत असेल. पुढची शंका का घ्यावी लागते, हे दर पायरीला तो सांगतो. बूर्दँ नावाच्या जेझुइट पाद्र्यानं या सगळ्यावर कडाडून टीका केली, तेव्हा देकार्तनं त्याला सफरचंदांच्या टोपलीचा दाखला दिला: नासकी फळं असल्याचा संशय असेल तर टोपली पूर्ण रिकामी करायची आणि एकेक फळ तपासून चांगली तेवढी परत भरायची. परत भरणं हा त्यातला निम्मा भाग आहे आणि तोच लोक विसरतात.

आपल्या नैयायिकांनी हे फार नेमकं पाहिलं होतं. गौतमाच्या न्यायसूत्रांत सोळा पदार्थ आहेत आणि त्यांत प्रमाण, प्रमेय यांच्या पाठोपाठ तिसरा मान संशयाचा आहे. संधिप्रकाशात समोर उभं आहे ते झाडाचं खोड की माणूस, हे त्यांचं नेहमीचं उदाहरण. ही शंका यायला उंची दिसावी लागते, खोड आणि माणूस दोन्ही आधी पाहिलेले असावे लागतात आणि त्यांच्यातला फरक आठवावा लागतो. ज्याला काहीच माहीत नाही त्याला ही शंका येणारच नाही.

२. उदाहरण वर्गात हातात घ्यावं.

देकार्तचं मेणाचं उदाहरण फळ्यावर शिकवलं तर पाच मिनिटांत संपतं. मी मधपाळाकडून पोळ्याचं मेण आणते आणि केमिस्ट्रीच्या लॅबमधला स्पिरिटचा दिवा मागून घेते. गोळा आधी बाकांवरून फिरतो. मुलं हुंगतात, नखानं टोकरतात, बाकावर आपटून आवाज ऐकतात. मग तो स्टीलच्या वाटीत ठेवून वाटी दिव्यावर धरायची. वास बदलतो, रंग उतरतो, आकार जातो, टिचकी मारली तर आवाज येत नाही. इंद्रियांनी सांगितलेलं सगळं गेलं, तरी हे तेच मेण असं आपण छातीठोकपणे म्हणतो. देकार्तच्या मते हे ‘तेच’ बुद्धीला कळतं, डोळ्यांना नव्हे.

एकदा एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तेच मेण आहे हे आम्हाला कळलं, कारण आम्ही वाटीवरची नजर हलवली नाही. तुम्ही मध्येच वाटी बदलली असती तर?” तिचं म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं. बुद्धीचा निवाडासुद्धा डोळ्यांनी राखलेल्या पाळतीवर उभा असतो. देकार्तचा समकालीन तत्त्वज्ञ गासेंदी यानंही याच उदाहरणाला हात घातला होता, जरा वेगळ्या बाजूनं: रंग, वास, आकार काढून घेतल्यावर खाली काहीतरी उरतं हे मान्य, पण ते काय आहे हे कुठे कळलं?

३. खात्रीचं ज्ञान एकट्यानं मिळत नाही.

देकार्त म्हटलं की बंद खोलीत एकटा बसलेला माणूस डोळ्यांपुढे येतो आणि हे चित्र त्यानंच रंगवलं आहे. पण त्याचं ‘मेडिटेशन्स’ हे पुस्तक १६४१ साली पॅरिसात छापलं गेलं, त्याआधी त्याचं हस्तलिखित त्याचा मित्र मेर्सेन याच्यामार्फत विद्वानांत फिरलं होतं. त्यात हॉब्ज होता, गासेंदी होता, तिशीही न गाठलेला आर्नो होता. त्यांचे आक्षेप आणि देकार्तची उत्तरं त्याच पुस्तकात छापली गेली. बूर्दँचे आक्षेप पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅमच्या आवृत्तीत आले. शंकेच्या पलीकडचं काही सापडलं असं सांगणारं पुस्तक स्वतःवरच्या शंका पोटात घेऊन बाहेर पडलं, याचं मला अतोनात मोल वाटतं.

आर्नोचा आक्षेप वर्मी बसणारा आहे. देकार्त म्हणतो, स्पष्ट आणि स्वच्छ कळलेलं खरं असतं याची हमी ईश्वर देतो. मग ईश्वर आहे हे कशावरून? तर ते स्पष्ट आणि स्वच्छ कळतं म्हणून! देकार्तनं उत्तर दिलं, पण त्यानं सगळ्यांचं समाधान आजतागायत झालेलं नाही. माझंही नाही.

आणि १६४३ च्या मे महिन्यात हेगहून एलिझाबेथचं पत्र आलं. बोहेमियाच्या परागंदा राजघराण्यातली ही चोवीस वर्षांची मुलगी. तिनं साधं विचारलं: आत्म्याला आकारमान नाही, तो कशाला टेकत नाही, तर तो शरीराला हलवतो कसा? देकार्तच्या पहिल्या उत्तरानं तिचं समाधान झालं नाही आणि तिनं ते आदरानं, पण आडपडदा न ठेवता कळवलं. पुढचं वर्ष उजाडलं तेव्हा त्यानं आपला ‘प्रिन्सिपल्स’ हा ग्रंथ तिलाच अर्पण केला.

४. खात्री होईपर्यंत निर्णय थांबत नाहीत.

आईच्या गाठीच्या रिपोर्टवर ‘सजेस्टिव्ह ऑफ’ असे शब्द होते. दादा म्हणाला, पक्कं कळल्याशिवाय ऑपरेशन नको, अजून एका लॅबमध्ये दाखवू. मी डॉक्टरांना विचारलं, आणखी तपासणीनं काय बदलेल आणि थांबण्यानं काय बिघडेल? उत्तर ऐकून आम्ही ऑपरेशन ठरवलं. देकार्तनं १६३७ च्या ‘डिस्कोर्स’मध्ये व्यवहारासाठी वेगळे नियम घालून दिले आहेत: रानात वाट चुकलेल्यानं घुटमळू नये, एक दिशा धरून सरळ चालावं, कुठेतरी बाहेर तरी पडेल. संशयाचं काम त्यानं निवांत वेळेसाठी राखून ठेवलं होतं.

५. शंकेची हद्द कुठे, यावर भांडण मिटलेलं नाही.

न्यायपरंपरेतल्या उदयनाचार्यांनी हद्द आखली: तुमचं स्वतःचं वागणं जिथे शंकेला खोटं पाडतं, तिथे शंका संपते. पुढे त्याच परंपरेतल्या गंगेशानं ते उलगडून दाखवलं. धूर हवा असेल तर तुम्ही विस्तवच पेटवता, पोट भरायला अन्नच खाता, मग विस्तवामुळे धूर होतो यावर शंका आहे असं कुठल्या तोंडानं म्हणता? या दोघांच्या मध्ये, बाराव्या शतकात, वेदान्ती श्रीहर्षानं उदयनाच्याच श्लोकातले मोजके शब्द फिरवून तो त्याच्यावर उलटवला होता: विरोध दिसतो म्हणता, तर शंका आहेच, कारण शंकेवाचून विरोध कशाशी?

जगताना मी उदयनाच्या बाजूची आहे. वर्गात मात्र श्रीहर्षाला पूर्ण तास देते, कारण वागण्यात एखादी गोष्ट गृहीत धरली म्हणून ती सिद्ध होत नाही, हे त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही.

६. हाती थोडंच उरतं.

शंका घेणारा मी आहे, एवढं देकार्तच्या हाती पक्कं लागलं. त्यावर त्यानं चढवलेले पुढचे मजले मला तितके भक्कम वाटत नाहीत. तरी तेवढ्यासाठी एवढा खटाटोप कशाला, असं मी म्हणणार नाही. कशाच्या जोरावर काय मानतो आहोत, हे त्या खटाटोपातच कळतं.

तुम्ही ‘मेडिटेशन्स’ वाचायला घेणार असाल तर एक विनंती. कित्येक स्वस्त आवृत्त्यांत नुसती सहा चिंतनं असतात, आक्षेप गाळलेले असतात. तशी प्रत घेऊ नका. आक्षेप आणि उत्तरं असलेलीच घ्या, आर्नोपासून सुरुवात करा आणि एलिझाबेथची पत्रं मिळवून जरूर वाचा.