कलियुग की माथेफिरू?

सायंआरती आटोपली, प्रसाद वाटून झाला, की सभामंडपात वर्तमानपत्र उघडले जाते. खुनाची बातमी वाचून होताच दोन उद्गार ठरल्याप्रमाणे निघतात. वडीलधारे म्हणतात, "कलियुग आहे, दुसरे काय!" तरुण मंडळी म्हणतात, "कोणी तरी माथेफिरू असला पाहिजे." हा दुसरा शब्द तर कित्येकदा मथळ्यातच छापलेला असतो, आरोपीस वैद्याने पाहिलेलेही नसते. एकाने दोष काळावर टाकावा, दुसऱ्याने रोगावर, आणि दोघांनीही निश्चिंतपणे घरी जेवावयास जावे, असा हा क्रम आहे.

आपल्या अभ्यासवर्गात सध्या गीतेचा तिसरा अध्याय चालू आहे, तेव्हा या दोन उद्गारांची तपासणी अप्रस्तुत होणार नाही. अध्यायाच्या अखेरीस अर्जुन हाच प्रश्न विचारतो. मनात नसतानाही, कोणी बळेच जुंपावे तसा, मनुष्य पापाकडे कशामुळे ओढला जातो? भगवंतांच्या उत्तरात युगाचे नाव नाही, उन्मादाचेही नाही. रजोगुणापासून उपजणारे काम आणि क्रोध, एवढीच कारणे त्यांनी सांगितली. सोळाव्या अध्यायात आसुरी संपत्तीची गणना आहे. तेथेही दंभ, दर्प, अभिमान, क्रोध, कठोरपणा आणि अज्ञान आहेत, वेड नाही. म्हणजे हा विचार शुद्धीवर असलेल्या मनुष्याविषयीचा आहे.

प्रथम कलियुगाचा पक्ष पाहू. काळ उत्तरोत्तर बिघडत असेल तर खुनांचे प्रमाण वाढतच गेले पाहिजे. १९९२ साली देशात सुमारे ४० हजार खुनांची नोंद झाली. २०२२ साली लोकसंख्या कितीतरी वाढलेली असताना हा आकडा २८,५२२ होता. लाख वस्तीमागे पाहता प्रमाण निम्म्याहूनही खाली आले. यावरून आपण सज्जन झालो असे मुळीच सिद्ध होत नाही. त्याच २०२२ साली स्त्रियांवरील नोंदलेल्या गुन्ह्यांपैकी ३१.४ टक्के गुन्हे पती वा त्याच्या नातलगांनी केलेल्या छळाचे होते, आणि नोंद न झालेल्यांची गणती कोणी करावी? परंतु 'पूर्वी असे नव्हते' हे विधान मात्र टिकत नाही. आमच्या आजोबांच्या पिढीतही बांधावरून डोकी फुटत होतीच.

माथेफिरूचा पक्ष अधिक बारकाईने पाहिला पाहिजे. वेड्याला शहाण्याच्या मापाने मोजू नये, हे आपल्या धर्मशास्त्रास फार पूर्वी कळले होते. मद्याने धुंद झालेला, उन्मत्त, आर्त, बालक, भयभीत अशांनी केलेला व्यवहार सिद्ध होत नाही, असे याज्ञवल्क्यस्मृती सांगते. फौजदारी कायद्यातील आजचा नियम मात्र विलायतेच्या एका खटल्यातून आला. १८४३ साली मॅकनॉटन नावाच्या मनुष्याने पंतप्रधान पील यांचे चिटणीस ड्रमंड यांना गोळी घालून ठार केले. सत्ताधारी पक्ष आपला पाठलाग करीत आहे, अशा भ्रमाने तो पछाडलेला होता. ज्यूरीने त्यास निर्दोष ठरविले, लोक संतापले, आणि लॉर्डांच्या सभेने न्यायाधीशांना खुलासा विचारला. त्या खुलाशाच्या आधारे १८६० च्या भारतीय दंड संहितेचे कलम ८४ तयार झाले. १ जुलै २०२४ पासून तेच तत्त्व भारतीय न्याय संहितेच्या कलम २२ मध्ये आहे. आरोपीस मनोविकार आहे एवढे दाखविणे पुरत नाही. कृत्य करतेवेळी, त्या विकारामुळे, आपण काय करतो किंवा ते गैर आहे हे समजण्याची शक्ती त्यास नव्हती, हे दिसावे लागते. आपल्या गुजरातेतील एका खटल्यात पत्नीच्या अंगावर सुऱ्याच्या ४४ जखमा होत्या आणि पतीच्या बाजूने वेडाचा बचाव मांडला गेला. १९६४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नाकारला. पत्नी नकोशी झाल्याचे पत्र त्याने सासऱ्यांस आधीच लिहिले होते. जखमांची संख्या पाहून आपण म्हटले असते, 'वेडाच असणार'. न्यायालयाने मात्र ते पत्रही विचारात घेतले.

वैद्यकशास्त्राचे उत्तरही याच दिशेचे आहे. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीवरून, जिचे निष्कर्ष १९९० साली प्रसिद्ध झाले, संशोधकांनी असा हिशेब मांडला की गंभीर मनोविकार समूळ नाहीसे झाले तरी त्या समाजातील हिंसा शंभरात सुमारे चारांनीच घटेल. १९९८ सालच्या दुसऱ्या अभ्यासात मनोरुग्णालयातून घरी परतलेल्यांची त्यांच्याच आळीतील शेजाऱ्यांशी तुलना केली गेली. मद्य व मादक द्रव्ये न घेणारे रुग्ण शेजाऱ्यांहून अधिक हिंसक आढळले नाहीत; व्यसन असले की दोन्हीकडे प्रमाण वाढले, रुग्णांत विशेष. उपचाराविना राहिलेल्या काही तीव्र विकारांत धोका वाढतो, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु मनोरुग्ण मार देण्यापेक्षा मार खाण्याचाच संभव अधिक असतो.

मग उरलेली हिंसा कोण करतो? २०२२ च्या खुनांपैकी ९,९६२ वादांतून घडले, ३,७६१ वैरातून, १,८८४ लाभासाठी. म्हणजे भाऊबंदकी, जमीन, पैसा, अपमान. आणि याहूनही अंतर्मुख करणारी घटना धुळे जिल्ह्यातील राईनपाड्याची आहे. १ जुलै २०१८, आठवड्याच्या बाजाराचा रविवार. मुले पळविणारी टोळी आल्याची अफवा भ्रमणध्वनीवरून पसरलेली होती. मंगळवेढ्याकडील, नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या, भिक्षेवर फिरणाऱ्या पाच जणांना जमावाने ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारून टाकले. त्या शेकडो लोकांना एकाच दिवशी वेड लागले म्हणावे काय? की ते सारेच जन्मजात नराधम होते? ते बाजारास आलेले संसारी लोक होते, मुलांच्या काळजीने भ्यालेले. क्रोधातून संमोह, संमोहातून स्मृतिभ्रंश, त्यातून बुद्धिनाश, अशी जी पायरी दुसऱ्या अध्यायात सांगितली आहे, ती तेथे दिवसाढवळ्या उतरली गेली. आपण त्या बाजारात असतो तर कोठे उभे असतो, हा प्रश्न मला सुटलेला नाही.

'माथेफिरू' या शब्दाची किंमत मात्र भलतेच लोक मोजतात. आपली भाषा विठ्ठलाच्या वेडाचे कौतुक करते. रिद्धपूरच्या गोविंदप्रभूंचे वागणे लोकविलक्षण, वेडगळ वाटावे असे होते, तरी गावाने त्यांना सांभाळले, असे म्हाइंभटांनी लिहिलेल्या चरित्रावरून दिसते. आज घरात कोणास भास होऊ लागले, तर प्रथम दार लावून घेतले जाते. कारण बाहेर कळले तर तो शब्द साऱ्या घराला चिकटेल, बहिणीचे लग्न अडेल. औषधाची पहिली महत्त्वाची वर्षे अशीच जातात. मग क्षेत्राच्या ठिकाणी नेऊन ठेवतात. तामिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ एका खासगी आश्रयस्थानात ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे आग लागली. पळता न आल्याने २८ रुग्ण दगावले, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने साखळी घालण्यास स्पष्ट मनाई केली आहे.

याच्या उलट आपल्या मेहसाणा जिल्ह्यात उनाव्याच्या मीरा दातार दर्ग्यात निराळी रीत पडली. तेथे दुवा मागावयास आलेल्यांना तेथील मुजावरच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवितात, आणि औषध घेऊन माणसे पुन्हा दर्ग्यात जाऊन बसतात. आपल्या कुटुंबांतून गाणगापुरास जाणारे पुष्कळ आहेत. त्यांनी जरूर जावे. मात्र कारेलीबागेतील सरकारी मनोरुग्णालयाची चिठ्ठी आणि गोळ्यांची पुडी पादुकांच्या दर्शनास जाताना पिशवीत असावी. रात्री-अपरात्री सल्ला हवा असल्यास १४४१६ हा सरकारी दूरध्वनी क्रमांक २०२२ पासून चालू आहे; तो मंदिराच्या सूचनाफलकावर लिहून ठेवला आहे.