आत्मौपम्य : ‘मी’च्या पलीकडील पाऊल

गीतेच्या सहाव्या अध्यायातील ध्यानयोगाचा आरंभ एकांतात होतो. पाचव्या श्लोकात भगवंत सांगतात की, मनुष्याने स्वतःच स्वतःचा उद्धार करावा. त्यावरून पुष्कळांची अशी समजूत होते की, योग ही एकट्याची साधना व तिचे फळही एकट्याचेच. परंतु अध्याय तेथे थांबत नाही. २९व्या श्लोकात योगी सर्व भूतांच्या ठायी आत्मा पाहतो. पुढील दोन श्लोकांत सर्वत्र भगवंतास पाहून भजतो. आणि ३२व्या श्लोकात या दर्शनाची कसोटी येते. ती एका शब्दात आहे : ‘आत्मौपम्य’.

‘उपमा’ या शब्दापासून ‘औपम्य’ हे भाववाचक नाम सिद्ध होते. स्वतःलाच उपमान करून दुसऱ्याचे सुखदुःख जाणणे, हा त्याचा अर्थ. श्रीशंकराचार्यांनी भाष्यात याचे पर्यवसान अहिंसेत केले आहे. मला सुख इष्ट व दुःख अनिष्ट, तसेच ते प्राणिमात्राला. हे जाणणारा कोणाशीही प्रतिकूल वागत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावा. ‘मी’चे ‘आम्ही’ झाले म्हणजे अहंकार गेला, असे नव्हे. माझे घर, माझी जात, माझा पंथ असा तो विस्तारतो, तेव्हा क्षीण न होता बळावतोच. कुंपण मोठे झाले तरी ते कुंपणच. गीतेने याच श्लोकात ‘सर्वत्र’ हे पद योजून ते कुंपण उपटून टाकले आहे.

या श्लोकाचा अनुवाद करीत असता घडलेली गोष्ट सांगतो. योग्य प्रतिशब्द सुचत नव्हता. इतक्यात आतल्या खोलीतून वृद्ध मातोश्रींनी पाणी मागितले. मी म्हणालो, “आई, एवढा श्लोक पुरा होऊ दे.” श्लोक पुरा झाला, पाण्याचे मात्र विस्मरण झाले. तासाभराने मला तहान लागली, तेव्हा कोठे तिची तहान आठवली. शब्द कागदावर उतरला होता. अर्थ मात्र माझ्या कोरड्या घशाने शिकविला.

म्हणून गृहस्थाने हा योग साधण्यासाठी अरण्यात जावयास नको. तिसऱ्या अध्यायाच्या १३व्या श्लोकात, केवळ स्वतःसाठी अन्न शिजविणारा पापच खातो, असे म्हटले आहे. तेव्हा वाचकहो, पानावर बसण्यापूर्वी क्षणभर थांबावे आणि घरात वा दाराशी कोणी भुकेले-तान्हेले तर नाही ना, हे पाहावे. असल्यास आधी उठावे. सर्वांभूती आत्मा पाहण्याचा अभ्यास तेथूनच सुरू होतो.