बिलामागे चालत जा

सांगली

चि. भाचीस,

लेखा परीक्षेचा अर्ज भरलास, हे ताईकडून कळलं. तुझ्या टेबलावर मुंबई वित्तीय नियम 1959, महाराष्ट्र कोषागार नियम 1968, आकस्मिक खर्च नियम 1965 आणि वेतन, रजा, निवृत्तिवेतनाची पुस्तकं असा ढीग साचला असणार. सोबत एखादं प्रश्नोत्तरांचं गाईडही आणलं असशील. ते तूर्त माळ्यावर टाक. गाईडात नियमांचे क्रमांक सापडतात, पण पैसा कुठून निघाला आणि कुठल्या खात्यावर पडला हे सापडत नाही. लेखा परीक्षेत माणूस अडतो तो नेमका तिथेच.

सुरुवात राज्यघटनेपासून कर. अनुच्छेद 266 मध्ये एकत्रित निधी आणि लोकलेखा आहे, 267 मध्ये आकस्मिकता निधी. महसूल आणि घेतलेली कर्जं एकत्रित निधीत जमा होतात, आणि तिथून एक रुपया काढायचा तरी विधिमंडळाचा विनियोजन कायदा लागतो. आपल्या भागात हे समजावून सांगणं सोपं जातं. जून 1943 मध्ये शेणोलीजवळ प्रतिसरकारच्या तूफान सेनेने पुणे-मिरज गाडीतला सरकारी पगाराचा पैसा काढून घेतला. लोकांकडून वसूल झालेला पैसा लोकांना न विचारता खर्च होतो, हाच तर प्रतिसरकारचा राग होता. आज त्या रागाचं उत्तर 266 च्या तिसऱ्या खंडात आहे. लोकलेख्याचं मात्र वेगळं. जुन्या कर्मचाऱ्यांचा भविष्य निर्वाह निधी, ठेकेदाराची अनामत, हा पैसा सरकारच्या हातात असतो पण सरकारचा नसतो. म्हणून तो परत देताना विधिमंडळाची मंजुरी लागत नाही.

आता लेखाशीर्ष. इथे थोडी थांब, कारण इथे घातलेला आठवडा पुढे महिने वाचवतो. मुख्य शीर्ष चार आकडी असतं. पहिला आकडा 0 किंवा 1 असेल तर महसुली जमा, 2 किंवा 3 असेल तर महसुली खर्च, 4 किंवा 5 म्हणजे भांडवली, 6 किंवा 7 म्हणजे कर्ज व आगाऊ रकमा, आणि 8 म्हणजे आकस्मिकता निधी व लोकलेखा. (4000 हे भांडवली जमेचं शीर्ष तेवढं अपवाद.) सर्वसाधारण शिक्षणाचा खर्च 2202. त्यात दोन हजार मिळव, 4202 हे शिक्षणावरच्या भांडवली खर्चाचं शीर्ष झालं. आणखी दोन हजार मिळवले की 6202, कर्जाचं. उलट 2202 मधून दोन हजार वजा केलेस तर 0202, शिक्षणाची जमा. एवढं कळलं की पाठांतर निम्म्यावर येतं.

पण एक खोच सांगतो, परीक्षक ती हमखास काढतात. शासनाने जत तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळेच्या खोल्या बांधायला अनुदान दिलं, तर खर्च कशात? नवी इमारत म्हणून पोरं डोळे झाकून भांडवली लिहितात. इमारत जिल्हा परिषदेच्या मालकीची होणार, राज्याच्या मालमत्तेत भर पडणार नाही. म्हणून शासनाच्या हिशेबात ते सहायक अनुदान महसुली खर्चातच जातं. शासकीय लेखा मानक क्रमांक 2 हेच सांगतं. आणि पैसा एकदा जिल्हा निधीत गेला की पुढची लेखापद्धती जिल्हा परिषदांच्या 1968 च्या लेखा संहितेप्रमाणे. कोषागार नियम आणि लेखा संहिता दोन्ही 1968 चे. उत्तरात अदलाबदल करू नकोस.

अडचणीच्या वेळचे नियम पुराच्या उदाहरणावर लाव. ऑगस्ट 2019 मध्ये इथे सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांवर गेलं. धोक्याची पातळी 45. अशा वेळी खर्च 2245 खाली, नैसर्गिक आपत्ती. तरतूद संपली तर आकस्मिकता निधीतून अग्रिम घ्यायचा आणि तो पुढच्या अधिवेशनात पूरक मागणी मंजूर करून भरून काढायचा. प्रमाणकं हातात नसताना पैसा लागला तर संक्षिप्त देयक, म्हणजे आपलं एसी बिल. मात्र महिन्याभरात तपशीलवार देयक गेलंच पाहिजे. ते वर्षानुवर्षं न देणारी कार्यालयं मी पाहिली आहेत आणि त्यावरचे लेखापरीक्षणाचे आक्षेपही. फारच तातडी असेल तर जिल्हाधिकारी लेखी आदेश देऊन, नेहमीचे सोपस्कार पूर्ण नसतानाही कोषागाराला पैसे द्यायला लावू शकतो. त्याची प्रत कारणांसह लगेच महालेखापालांकडे गेली पाहिजे. निवृत्तिवेतनाला ही सवलत नाही. हा शेवटचा तुकडा लक्षात ठेव, गुण त्यालाच असतात.

वित्तीय औचित्याच्या तत्त्वांवर सगळे 'काटकसर' एवढंच लिहून येतात. गरजेपेक्षा जास्त खर्च नको आणि स्वतःचा पैसा खर्चताना घेतो तितकी दक्षता हवी, ही दोन झाली. मंजुरीच्या आदेशात मंजूर करणाऱ्याचा स्वतःचा लाभ नको, एका व्यक्तीसाठी किंवा गटासाठी सार्वजनिक पैसा नको, आणि भत्ता हे कमाईचं साधन होऊ नये, ही उरलेली. नुसती तत्त्वं लिहू नकोस, प्रत्येकाला कार्यालयातलं उदाहरण जोड. साताऱ्यात तुला उदाहरणांची काय वाण? ऐन मे महिन्यात महाबळेश्वरला प्रशिक्षण ठेवणारा साहेब किती तत्त्वं मोडतो, ते मोजून बघ.

मार्चबद्दल तुला शिकवायला नको. तरतूद व्यपगत होऊ नये म्हणून पैसा काढून ठेवायचा नाही, लगेच वाटप करायचं असेल तरच काढायचा, असं कोषागार नियम स्वच्छ म्हणतात. आणि 31 मार्चच्या रात्री कोषागारात दिवे कशासाठी जळत असतात ते तुला ठाऊक आहे. बीम्स या संगणक प्रणालीवर प्राधिकारपत्र निघू लागल्यापासून तरतुदीपलीकडे बिल काढणं अवघड झालं, पण घाई काही गेली नाही. पेपरात नियम काय तेवढंच लिही, घाईचं वर्णन नको.

आता काम. तुझ्या कार्यालयातलं मागच्या वर्षीचं एखादं पारित बिल घे. मंजुरीचा आदेश, लेखाशीर्ष, आहरण व संवितरण अधिकाऱ्याची सही, कोषागाराचा प्रमाणक क्रमांक, रोकडवहीतली नोंद, महालेखापालांच्या आकड्यांशी झालेला ताळमेळ, असं एकेक पाऊल त्याच्यामागे चाल. प्रत्येक टप्प्यावर कुठला नियम लागला ते समासात पेन्सिलीने लिही. बिल झेरॉक्सच घे, मूळ कागदावर पेन्सिलसुद्धा लावायची नाही. रोकडवहीत खाडाखोड दिसली, तर चुकीची नोंद लाल शाईने दुरुस्त करून सही घ्यायची असते, हे तिथेच कळेल.

आणखी एक. तू 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलीस म्हणून 1982 चे निवृत्तिवेतन नियम बाजूला ठेवले आहेस, असं ताई म्हणाली. तसं करू नकोस. परीक्षा तुझ्या पेन्शनवर नाही, तू ज्यांची प्रकरणं करणार आहेस त्यांच्या पेन्शनवर आहे. अंशराशीकरणाची चार उदाहरणं सोडवून पाठव, तपासून देतो.

तुझा
मामा