घरच्या घरी गाडीची सर्व्हिसिंग : अमेरिकेत नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी

अमेरिकेत आल्यावर काही महिन्यांतच गाडी घ्यावी लागते, आणि पहिली गाडी बहुधा कोणीतरी वापरलेली कोरोला, सिव्हिक किंवा कॅमरी असते. पुण्या-नाशकात गाडी कुरकुरली की ओळखीच्या मेकॅनिककडे टाकायची आणि संध्याकाळी घेऊन यायची, ही आपली सवय. इथे तसा हक्काचा माणूस सुरुवातीला नसतो, आणि गॅरेजची मजुरी तासाला शंभर-दीडशे डॉलर किंवा त्याहूनही जास्त पडते. न्यू जर्सी, मिशिगन, टेक्सस आणि कॅलिफोर्नियात स्थिरावलेल्या, गाडीची नेहमीची कामं घरी करणाऱ्या मराठी कुटुंबांकडून जे कळलं, ते इथे एकत्र केलं आहे. पैसे वाचतात हे सगळेच सांगतात. पण गाडी आपल्याला कळू लागते आणि गॅरेजवाल्याने सांगितलेला खर्च रास्त आहे की फुगवलेला, हे पारखता येतं, हा फायदा त्याहून मोठा, असंही सगळेच सांगतात.

आधी कागदपत्रं पाहा

गाडीचं मॅन्युअल शोधा. डॅशबोर्डच्या कप्प्यात नसेल तर कंपनीच्या संकेतस्थळावर मिळतं. कोणतं ऑइल, किती आणि किती मैलांनी बदलायचं, याबाबत मॅन्युअलचा शब्द शेवटचा. दर ३,००० मैलांनी ऑइल बदलण्याचा सल्ला आजही कानावर पडतो, पण सिंथेटिक ऑइलवर चालणाऱ्या बऱ्याच गाड्यांसाठी कंपन्याच ५,००० ते १०,००० मैलांचं अंतर देतात.

स्वतः काम केलं तर वॉरंटी जाईल, ही भीती नको. १९७५च्या मॅग्नुसन-मॉस कायद्यानुसार केवळ सर्व्हिसिंग बाहेर किंवा घरी केली म्हणून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही. मात्र ऑइल आणि फिल्टरच्या पावत्या जपा आणि एका वहीत तारीख, मैल आणि केलेलं काम लिहीत जा. गाडी विकताना हीच वही गिऱ्हाइकाला विश्वास देते.

गाडीचा सतरा अक्षर-आकड्यांचा ओळख क्रमांक, म्हणजे व्हीआयएन, एनएचटीएसए या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर टाकून बघा. रिकॉल निघाला असेल तर ते काम डीलर सहसा फुकट करून देतो.

अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर भाडेकरार वाचा. पार्किंगमध्ये गाडीचं काम करायला अनेक ठिकाणी मनाई असते. अशा वेळी घर असलेल्या मित्राचा ड्राइव्ह-वे मागून घ्यावा. गावातल्या मराठी मंडळाच्या ओळखीतून असे मित्र लवकर मिळतात.

सोप्या कामांपासून सुरुवात

पहिल्याच दिवशी गाडीखाली शिरू नका. केबिन फिल्टर, इंजिनचा एअर फिल्टर आणि वायपर ही कामं बॉनेट उघडून किंवा गाडीत बसून होतात. कितीतरी गाड्यांत केबिन फिल्टर समोरच्या कप्प्यामागे असतो. कप्पा खाली सोडला की जुना फिल्टर ओढून नवा बसवायचा, एवढंच काम. फिल्टरवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो मात्र बघून घ्या. टायरमधली हवा महिन्यातून एकदा, टायर थंड असताना तपासा. योग्य आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर असतो. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते.

ऑइल बदलताना

सामान एकदाच घ्यावं लागतं : मेट्रिक सॉकेट सेट, टॉर्क रेंच, फिल्टर रेंच, ड्रेन पॅन, हातमोजे, चष्मा, चांगला जॅक आणि दोन जॅक स्टँड. ऑटोझोन आणि ओ'रायलीसारख्या दुकानांत बरीच हत्यारं डिपॉझिट ठेवून नेता येतात. परत केली की डिपॉझिट परत मिळतं.

एक नियम सगळ्या कुटुंबांत कडक आहे : गाडी नुसत्या जॅकवर असताना कोणीही तिच्याखाली जात नाही. डिकीतला छोटा जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. सपाट, टणक जागी हँडब्रेक लावा, मागच्या चाकांना अडणी द्या, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागीच गाडी उचला, स्टँडवर टेकवा आणि खाली जाण्याआधी हलवून बघा. डांबरी जमीन उन्हाळ्यात मऊ होते, तिथे स्टँडखाली जाड प्लायवूड हवं. घरात दुसरं मोठं माणूस असतानाच काम करा.

इंजिन दोन-चार मिनिटं चालवून कोमट होऊ द्या, ऑइल चांगलं निथळतं. बोल्ट उघडण्याआधी तो इंजिन ऑइलचाच आहे याची खात्री करा. गिअरबॉक्सचा बोल्ट उघडणं ही नवशिक्यांकडून होणारी नेहमीची आणि महागडी चूक. ऑइल निथळलं की नवा वॉशर घालून बोल्ट आधी हाताने फिरवा, मग मॅन्युअलमधल्या टॉर्कवर कसा. जोर लावून कसला तर ॲल्युमिनियमच्या पॅनचे आटे जातात.

जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग इंजिनला चिकटून राहिली नाही ना, हे बोटाने चाचपा. दोन रिंगा एकावर एक बसल्या तर इंजिन सुरू होताच ऑइल बाहेर फेकलं जातं. नव्या रिंगेला बोटाने ऑइल लावा आणि फिल्टर हातानेच घट्ट करा. मग सांगितलेल्यापेक्षा थोडं कमी ऑइल भरा, इंजिन मिनिटभर चालवा, खाली गळती पाहा आणि गाडी सपाट उभी करून काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी बघत उरलेलं घाला.

जुनं ऑइल रिकाम्या डब्यात भरून परत द्या. सुट्या भागांची बरीच दुकानं ते फुकट घेतात. गटारात किंवा मातीत एक थेंबही जाऊ देऊ नका. एका वेळच्या ऑइलने दहा लाख गॅलन गोडं पाणी दूषित होऊ शकतं, असं ईपीए ही पर्यावरण संस्था सांगते.

आजच्या गाडीचं ट्यून-अप

कार्ब्युरेटर आणि पॉइंट जुळवण्याचे दिवस गेले. इंधन आणि ठिणगीची वेळ आता संगणक ठरवतो, म्हणून घरगुती ट्यून-अप म्हणजे मुख्यतः स्पार्क प्लग आणि फिल्टर. इरिडियम प्लग बहुतेक गाड्यांत ६०,००० ते १,००,००० मैल टिकतात. इंजिन पूर्ण थंड असू द्या. एका वेळी प्लगवरची एकच कॉइल काढा, खाचेतली धूळ हवेने उडवा, मग प्लग उघडा. नव्या प्लगचे पहिले आटे हातानेच फिरवा. अडखळला तर मागे घेऊन पुन्हा लावा. काढलेल्या प्लगकडेही बघा. फिकट तपकिरी रंग म्हणजे इंजिन ठीक, ओलसर ऑइल दिसलं तर चौकशी हवी.

१९९६पासून इथे विकल्या जाणाऱ्या मोटारींत ओबीडी-टू सॉकेट असतं. वीस-तीस डॉलरचा स्कॅनर लावला की चेक इंजिन दिव्यामागचा कोड वाचता येतो. दिवा लुकलुकत असेल तर गाडी सुरक्षित जागी थांबवा, कारण ती मिसफायरची, म्हणजे इंधन नीट न पेटण्याची खूण असते आणि त्याने महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होतो. कॅलिफोर्नियात स्मॉग तपासणीच्या आदल्या दिवशी कोड पुसू नका. संगणकाच्या अंतर्गत चाचण्या पूर्ण व्हायला काही दिवस गाडी चालवावी लागते, तोवर तपासणीत पास होता येत नाही.

पहिल्या हिवाळ्याआधी

रेडिएटरमध्ये नळाचं पाणी घालायची सवय इथे सोडा. ते गोठलं तर इंजिनचा ब्लॉक फुटू शकतो. कूलंट कंपनीने सांगितलेलंच भरा, आणि इंजिन गरम असताना झाकण कधीही उघडू नका. वायपरच्या टाकीतही न गोठणारं द्रव्य हवं. कडाक्याच्या थंडीत बॅटरीची ताकद निम्म्यापेक्षाही खाली येऊ शकते, तेव्हा ऑक्टोबरमध्येच ती तपासून घ्या. अनेक दुकानांत ही तपासणी फुकट होते. तापमान दहा अंश फॅरेनहाइटने उतरलं की टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. रस्त्यावर मीठ टाकणाऱ्या राज्यांत गाडीचं पोट पाण्याने धुवून घेत राहा, नाहीतर गंज लागतो.

कुठे थांबायचं

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅग, टायमिंग चेन आणि हायब्रिड गाडीच्या नारिंगी तारा अनुभवी माणसावर सोपवा. तिथे चूक झाली तर जिवावर बेततं. पण तिथेही वहीतली नोंद आणि स्कॅनरचा कोड घेऊन जा, आणि काम सुरू होण्याआधी लेखी अंदाज मागा. आपली गाडी कोणत्या स्थितीत आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, हे समोरच्याला कळलं की बोलणं मुद्द्याचं होतं, आणि हक्काचा मेकॅनिक इथेही जोडता येतो. पहिल्या वर्षी फिल्टर, हवा, वायपर आणि ऑइल एवढंच करा. पहिलं ऑइल आधी हे काम केलेल्या कोणाला तरी शेजारी उभं करून बदला. जुन्या कुटुंबांना अशी मदत मागितलेली आवडते. त्यांनीही हे असंच कोणाच्या तरी शेजारी उभं राहून शिकलेलं असतं.