पटकी: अडकलेली कळ आणि उघडे दार

मागच्या पावसाळ्यात सहा वर्षांच्या एका मुलाला माझ्या दवाखान्यात आणले. तांदळाच्या धुवणासारखे जुलाब, डोळे खोल गेलेले, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तरी तशीच उभी. आजी म्हणाल्या, "पाणी दिलं की जुलाब वाढतात डॉक्टरसाहेब, म्हणून सकाळपासून पाणी बंद केलंय." शिरेतून सलाईन दिल्यावर मुलगा वाचला, पण आजींचा हा समज घरोघरी आढळतो. म्हणून पटकीचा, म्हणजे कॉलऱ्याचा जंतू पोटात काय करतो ते आज पाहू.

हा जंतू आतड्याच्या पेशीत शिरत नाही, बाहेर राहून विष सोडतो. कोलकात्याचे डॉ. शंभुनाथ डे यांनी १९५९ मध्ये जंतू गाळून काढलेला द्रव सशाच्या आतड्यात घालून हे दाखवून दिले. पेशीच्या आवरणाला आतून 'जी-प्रथिन' नावाची कळ असते. बाहेरून निरोप आला की ती चालू होते, काम झाले की आपोआप बंद होते. विष ती चालू स्थितीतच अडकवते. मग 'सायक्लिक एएमपी' हा निरोप्या रेणू पेशीत बेसुमार वाढतो, क्लोराईड बाहेर टाकणारी दारे उघडीच राहतात आणि क्षारांमागोमाग पाणी वाहून जाते. मोठ्या माणसाच्या अंगातून तासाला लिटरभर पाणीही जाऊ शकते.

पण एक दार या विषाला बंद करता येत नाही. साखर आणि मीठ जोडीने आत घेणारे दार! ती दोन्ही आत गेली की पाणीही जाते. जलसंजीवनीचे मर्म हेच. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी ती पाजून मृत्यूचे प्रमाण शेकडा तीसवरून चारच्या खाली आणले.

तेव्हा जुलाब होत असले तरी पाणी तोडू नका. पुडी मिळाली नाही तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवा आणि घोट घोट पाजा. उलटी झाली तर दहा मिनिटे थांबून पुन्हा द्या. अंगावरचे दूध चालू ठेवा. मूल मलूल झाले, लघवी थांबली किंवा पिता येईना, तर वाटेतही पाजत तडक रुग्णालय गाठा.