पिवळ्या कंठाची चिमणी

चिमणी कोणी पाहिलेली नाही? अंगणात दाणे टिपणारी, आढ्याला काड्या खोचणारी ही पाखरे आपल्या घरचीच. आपले कन्नड मित्र तिला ‘गुब्बच्ची’ म्हणतात. परंतु घराकडे सहसा न फिरकणारी आणखी एक चिमणी आहे. दोन वर्षे मी तिला पाहत होतो, पण ओळखत नव्हतो.

भालकी तालुक्यातील मेहकर हे माझे गाव. गावाबाहेर मुरमाड माळ चढत जातो. अधूनमधून बाभळी, बोरी, पळस. गेल्या चैत्रात बांधावरच्या वाळलेल्या लिंबाच्या ढोलीत एक पाखरू गवताची काडी घेऊन शिरताना दिसले. वहीत मी लिहिले, ‘घरचिमणी, मादी.’ थोड्या वेळाने जोडीतला दुसरा पक्षी समोरच्या फांदीवर बसला आणि त्याने मान वर केली. गळ्यावर पिवळा ठिपका!

हीच पीतकंठी चिमणी अथवा रानचिमणी. शास्त्रीय नाव जिम्नोरिस झँथोकॉलिस. ओळखीच्या खुणा अशा : घरचिमणीच्या पाठीवर गडद रेघा असतात, हिची पाठ साधी राखी-तपकिरी. पंखांवर पांढरे पट्टे. नराच्या खांद्यावर तांबूस डाग असून विणीच्या काळात त्याची चोच काळी होते. मादीचे रंग फिके असतात. गळ्यावरचा पिवळा ठिपका दुरून दिसेलच असे नाही. म्हणून आधी पाठ व पंख पाहावेत. बिया, किडे हे तिचे खाणे. फुलांतला मधही ती चाखते.

याच चिमणीने एका मुलाचे आयुष्य बदलले. 1908 च्या सुमारास मुंबईच्या सालिम अलींनी छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. गळा पिवळा दिसला म्हणून मामा अमिरुद्दीन तय्यबजींनी त्यांना बाँबे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचे सचिव मिलर्ड यांच्याकडे पाठवले. मिलर्ड यांनी पक्षी ओळखला आणि सोसायटीचा संग्रह उघडून दाखवला. सालिम अलींच्या 1985 साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राच्या नावातली चिमणी ती हीच.

आमच्या लिंबाची गोष्ट मात्र साधी आहे. पावसाळ्यापूर्वी तो जळणासाठी तोडायचे आबांनी ठरवले होते. मी त्यांना एका सकाळी बांधावर नेऊन बसवले. बराच वेळ ते ढोलीकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “वाळलेलं झाड म्हंजे जळण, एवढंच आमाला ठावं.” पिल्ले उडेपर्यंत कुऱ्हाड लागली नाही. खोड अजून उभे आहे. पुढच्या वर्षाचे सांगवत नाही.

वहीतली ती चुकीची ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली तारीख घालून खरे नाव लिहिले आहे. विद्यार्थी मित्रांनो, सुट्टीत गावी गेलात तर एक वही जवळ ठेवा, आणि आपल्या बांधावरच्या वाळक्या झाडापाशी अर्धा तास शांत बसा.