मुखपृष्ठ दलालांचं, अंक कुणाचा?

१९०९ साली का. र. मित्रांच्या ‘मनोरंजन’नं दिवाळी अंकाची प्रथा सुरू केली. पुढच्या काळात रघुवीर मुळगावकर आणि दीनानाथ दलाल यांच्या कुंचल्यानं या अंकांची मुखपृष्ठं घरोघरी पोचवली. दलालांनी तर १९४५मध्ये ‘दीपावली’ हा स्वतःचाच अंक काढला. आज जुन्या अंकांच्या बाजारात गिऱ्हाइकाचा हात आधी जातो तो या चित्रांकडे, आणि फसगतही तिथूनच सुरू होते.

एका विक्रेत्याकडून आणलेल्या अशाच एका अंकाचं मुखपृष्ठ टवटवीत होतं. घरी अनुक्रमणिका उघडली, तर आतली पानं भलत्याच वर्षाची निघाली. दोन मोडक्या अंकांचा मिळून एक ‘धड’ अंक केलेला होता. तेव्हापासून मी चित्राआधी अंकाची पाठ पाहतो.

दिवाळी अंक जाडजूड. पानं टाचून, वरून कव्हर पाठीला डकवलेलं असतं. ते सोलून दुसऱ्या अंकावर चढवणं अवघड नाही. पण जुना डिंक तपकिरी पडून ठिसूळ होतो आणि नवा चकाकतो. शिवाय टाचण्या गंजलेल्या असतील, तर त्यांचे डाग कव्हरच्या आतल्या बाजूवरही नेमक्या त्याच जागी उमटायला हवेत. तिथं कव्हर स्वच्छ असेल, तर शंका घ्यावी.

वाचनालयाचा शिक्का असलेला अंक संग्राहक नाकारतात. माझं मत उलट आहे. एकच शिक्का कव्हरवर आणि आतही असेल, तर दोन्ही एकाच अंकाचे असल्याचा त्याहून चांगला पुरावा क्वचितच मिळतो. नुकसान होतं ते शिक्क्यानं नव्हे, बाइंडिंगनं. कडा छाटताना तळाशी असलेली चित्रकाराची सहीही जाऊ शकते.

मधुकर पाटकरांच्या ‘आवाज’ची गोष्ट आणखी नाजूक. १९५१पासूनच्या या अंकाची ओळख म्हणजे खिडकीचित्रं, म्हणजे पानात कापलेल्या खिडकीतून मागच्या चित्राचा तुकडा दाखवणारी चित्रं. खिडकीचं पान आणि त्यामागचं चित्र, दोन्ही जागेवर असतील तरच गंमत कळते. म्हणून पैसे देण्याआधी प्रत्येक खिडकी उघडून पाहावी. शंका उरलीच, तर दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या ठिकाणी त्याच वर्षाची प्रत मिळते का, ते बघून पानं ताडून घ्यावीत.

घरी आणल्यावर लॅमिनेशन मुळीच नको, ते पुन्हा काढता येत नाही. सेलोटेपही नको, त्याचा गोंद कागदात मुरून पिवळा डाग पाडतो. गुळगुळीत आर्ट पेपर पावसाळी दमटपणात एकमेकांना चिकटतो, म्हणून अंकांची थप्पी दाबून ठेवू नये आणि अधूनमधून कपाट उघडून वारा द्यावा.

सुटं कव्हर हाती आलं, तर ते सुटंच ठेवावं. कुठून मिळालं ते वेगळ्या चिठ्ठीवर पेन्सिलीनं लिहून चिठ्ठी सोबत ठेवावी.